वाचकांचे प्रश्न : कुरआन कुठून उघडावा?

प्रश्न : आदरणीय बाई, मी निवृत्त तलाठी, वय 63. गळ्यात माळ आहे, आषाढीची वारी वडिलांपासून चालत आली आहे. यंदा ईदला शेजाऱ्यांकडे शीरखुर्म्याला गेलो तेव्हा त्यांच्या कपाटात मराठी कुरआन दिसला. मागितला, तर त्यांनी आनंदाने दिला. पहिल्या पानापासून वाचायला घेतला. पहिली सूरा सात ओळींची, ती आवडली. दुसरी संपतच नाही. मध्येच गोष्ट, मध्येच कायदा, मध्येच कोणाला तरी रागावणं. तीन आठवडे झाले, मी गायीच्या गोष्टीपुढे सरकलेलो नाही. त्यात मुलाने मोबाइलवर फिरणाऱ्या आयती दाखवल्या, 'दिसतील तिथे मारा' अशा. बायको विचारते, हे पुस्तक आपण हाताळलेलं चालतं का? आणि भावकीत कुजबुज सुरू झाली आहे, की यांना आता धर्म बदलायचा आहे का. मला फक्त समजून घ्यायचं आहे. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, ता. कराड

उत्तर : तलाठीभाऊ, तुम्ही अडकलात तिथेच बरेच जण अडकतात आणि तिथूनच पुस्तक परत कपाटात जातं. पहिला अध्याय संपला की दुसरा, ही आपली सवय. कुरआनची रचना तशी नाही. त्यात 114 सूरा आहेत आणि सुरुवातीची फातिहा सोडली तर त्या साधारणपणे मोठ्या आधी, लहान नंतर अशा लावलेल्या आहेत. तुम्ही जिथे थांबलात ती अल-बकरा सगळ्यांत मोठी, 286 आयतींची. 'वाच' या शब्दाने सुरू होणारा पहिला संदेश पैगंबर मुहंमदांना मक्केजवळच्या हिरा गुहेत आला तो सन 610च्या सुमारास, आणि तो आज 96व्या सूरेत आहे. बकरा बहुतांशी मदिनेतली, म्हणजे 622च्या हिजरतीनंतरची, पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्यानंतरची. तेव्हा वस्ती वसत होती, कज्जे होते, करार होते, विरोधक होते. आधीच्या बारा वर्षांत काय घडलं ते ठाऊक नसताना तुम्ही थेट ग्रामसभेच्या मध्यावर जाऊन बसलात. कोण कोणाला रागावतंय ते कळणार कसं?

म्हणून मागून उघडा. आमच्या पोरांना असंच शिकवतात. मक्तबात, म्हणजे मुलांच्या कुरआनच्या शाळेत, आधी अक्षरओळखीची पुस्तिका, तिला 'कायदा' म्हणतात, आणि मग अम्म पारा, म्हणजे कुरआनच्या तीस भागांपैकी शेवटचा. त्यात 37 सूरा आहेत, बहुतेक छोट्या, बहुतेक मक्केतल्या. मीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी तशीच शिकले. माझी नानी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर रेहालीवर, लाकडी घडीच्या पाटावर, कुरआन ठेवून, ओळीखालून बोट फिरवत मोठ्याने वाचायची. तिला अरबीचा अर्थ येत नव्हता. गावात कोणालाच येत नव्हता. मी एकदा विचारलं, "नानी, यात लिहिलंय काय?" ती म्हणाली, "लिहिलेलं नाय गो, बोलणं हाय अल्लाचं. आयक."

हे वाक्य कळायला मला पंचवीस वर्षं लागली. मी मराठीची शिक्षिका झाले. शिक्षकखोलीत माझ्या शेजारच्या टेबलावर संस्कृतच्या बाई बसायच्या. एकदा मी काहीतरी पुटपुटत वह्या तपासत होते. त्यांनी विचारलं, "हे 'वद्दुहा' म्हणजे काय हो?" ती सूरा मी रोजच्या नमाजात म्हणत होते आणि मला एका शब्दाचाही अर्थ सांगता आला नाही. मुलांना ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा अन्वय लावायला लावणारी मी! त्या संध्याकाळी ओळखीच्या घरून अनुवाद आणला. म्हणजे अर्थाच्या बाबतीत मीही तुमच्यासारखीच, वयाची तिशी ओलांडल्यावर आलेली वाचक आहे.

ती 93वी सूरा, 11 आयतींची. तुम्ही तिथूनच सुरू करा. तिच्यामागची हकिकत परंपरेने अशी सांगितली जाते की, काही काळ संदेश यायचे थांबले आणि मक्केतले लोक टोमणे मारू लागले, की याच्या देवाने याला टाकलं. त्यावर ही सूरा येते. वर चढलेल्या दिवसाची शपथ, निवलेल्या रात्रीची शपथ, तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेलं नाही. त्याने तुला अनाथ पाहिलं आणि आसरा दिला नाही का? पैगंबरांचे वडील त्यांच्या जन्माआधी वारले होते, आई ते सहा वर्षांचे असताना गेली. आणि मग लगेच : म्हणून अनाथावर जुलूम करू नकोस, मागायला आलेल्याला झिडकारू नकोस. हे वाचताना मला नानीचं वाक्य उलगडलं. हा धर्मावरचा निबंध नाही. खचलेल्या एका माणसाशी कोणीतरी बोलत आहे.

तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी एवढंच विचारा, की हे बोलणं कोणाशी चाललंय? पैगंबरांशी, त्यांच्या सोबत्यांशी, मक्केच्या सावकारांशी, मदिनेच्या यहुदी कबिल्यांशी, की सगळ्या माणसांशी? पुष्कळ गोंधळ एवढ्याने निवळतो. बोलण्याचा रोख अचानक बदलतो, तेही चुकून होत नाही. तुम्हाला आवडलेली फातिहाच पाहा. पहिल्या आयतींत ईश्वराबद्दल 'तो' म्हणून बोलणं चालतं : तो कृपाळू, तो न्यायाच्या दिवसाचा मालक. पाचव्या आयतीत एकदम 'तुझीच आम्ही भक्ती करतो, तुझ्याकडेच मदत मागतो'. देवळाच्या पायऱ्या चढताना माणूस देवाविषयी बोलत असतो आणि गाभाऱ्याशी पोचला की देवाशीच बोलू लागतो, तसं काहीसं. उपमा माझी आहे, आमच्या मौलवींना ती चालेलच असं नाही.

93नंतर 107वी घ्या. सातच आयती. नमाज पढणारे, पण दाखवण्यासाठी पढणारे, आणि शेजाऱ्याला घरातली साधी वापरायची वस्तूही न देणारे, त्यांच्यावर ती आहे. मग 80वी. एक आंधळा माणूस काही विचारायला आला असताना पैगंबर मक्केच्या बड्या लोकांशी बोलण्यात गुंतले होते, त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या आठीबद्दल खुद्द पैगंबरांची कानउघाडणी आहे, आणि ती सूरा आजही मशिदी-मशिदींतून मोठ्याने म्हटली जाते. अशा पंधरावीस छोट्या सूरा महिनाभर घोळवा. रोज एक पुरे.

त्यानंतर एक मोठी सूरा सलग वाचायची तर यूसुफ, म्हणजे बारावी. 111 आयती आणि जवळपास सगळी एकच गोष्ट. मी ती आठवीच्या वर्गात गोष्ट म्हणून सांगितली आहे आणि घंटा झाली तरी मुलं उठली नव्हती. बायबल वाचणाऱ्यांना हाच योसेफ ठाऊक असतो. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा, पुढे इजिप्तच्या कोठारांचा अधिकारी. वाचताना त्याच्या सदऱ्यावर लक्ष ठेवा. भाऊ खोटं रक्त लावलेला सदरा बापाला आणून दाखवतात. पुढे मालकीणबाई आळ घेते तेव्हा सदरा मागून फाटला आहे म्हणून तो निर्दोष ठरतो. आणि शेवटी रडून रडून डोळे पांढरे झालेल्या बापाच्या तोंडावर त्याचा सदरा टाकला जातो आणि त्याला दिसू लागतं. एका कापडाने खोटं बोलावं, मग साक्ष द्यावी, मग दृष्टी द्यावी. मी तीस वर्षं मुलांना कथा शिकवल्या, पण वस्तूचा इतका काटकसरीने केलेला उपयोग क्वचित पाहिला. ज्यांनी विहिरीत ढकललं त्या भावांना यूसुफ म्हणतो, "आज तुमच्यावर काही ठपका नाही." त्या एका वाक्यापाशी जरा थांबा. त्यानंतर 19वी, मरयम. ईसांची, म्हणजे येशूंची आई प्रसूतीच्या कळांनी खजुरीच्या बुंध्याला टेकते आणि म्हणते, याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा आवाज येतो, की बुंधा हलव, ताजी खजूर पडेल. आईपणाच्या वेदनेचं इतकं उघडं वर्णन धर्मग्रंथात असेल, असं मला वाटलं नव्हतं.

बकरा मात्र टाकून देऊ नका. इतर वाचून झालं की तिच्यातली 282वी आयत उघडा, खास तुम्हाला म्हणून सांगते. कुरआनातली सर्वांत लांब आयत ती, आणि विषय काय, तर उधारीचं खत! मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, लिहायला नकार देऊ नये. मजकूर देणेकऱ्याने सांगावा. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास होता कामा नये. आयुष्यभर सातबारा लिहिलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. त्याच आयतीत एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रियांची साक्ष आहे. तिथे मी अडते. त्या काळच्या व्यापारात बायका फारशा नसत, म्हणून तसं, असं काही अभ्यासक सांगतात. ते मला पटतं, पण पूर्ण समाधान होत नाही.

आता शब्दांचं. अनुवादात 'काफिर' आला की आपल्या कानात शिवीच वाजते. मूळ अरबी धातूचा अर्थ झाकणं. 57व्या सूरेच्या 20व्या आयतीत पावसाने तरारलेलं पीक पाहून 'कुफ्फार' हरखतात असं येतं, आणि तिथे बहुतेक अनुवादक अर्थ देतात शेतकरी, कारण तो बी मातीने झाकतो. 14व्या सूरेत हाच धातू कृतज्ञतेच्या उलट येतो : मिळालेलं झाकून टाकणारा, उपकार न मानणारा. धर्माचं सत्य नाकारणारा हा अर्थ आहेच आणि पुष्कळदा तोच आहे, पण शब्दाची मुळं अशी शेतात आहेत. 'रहमान' आणि 'रहीम' यांच्या धातूपासूनच गर्भाशयाचा शब्द होतो. 'आयत' म्हणजे ओळ आणि 'आयत' म्हणजे खूणही : पाऊस ही आयत, रात्र ही आयत. कुठलाही एकच मराठी शब्द हे सगळं पेलू शकत नाही. दोन अनुवाद शेजारी ठेवता आले तर फार बरं. आणि एक गोष्ट विसरू नका, अनुवादातले कंसातले शब्द अनुवादकाचे असतात.

याचं उदाहरण देते, कारण ते मला सर्वांत जड गेलेलं आहे. चौथ्या सूरेची 34वी आयत, नवरा-बायकोच्या बेबनावाची. तिथे शेवटचा उपाय म्हणून जो शब्द येतो त्याचा सरळ अर्थ 'मारा' असा घेतला गेला आहे. अब्दुल्ला यूसुफ अलींच्या गाजलेल्या इंग्रजी अनुवादात पुढे कंसात 'हलकेच' असं आहे. तो शब्द अरबीत नाही. जुन्या भाष्यकारांनी इजा होऊ नये, अशा अटी घातल्या. आजच्या काही अभ्यासकांनी त्याच क्रियापदाचा 'दूर व्हा' असाही अर्थ लावला आहे. मी हे सगळं वाचलं आणि तरी त्या ओळीवर माझं बोट अडखळतं. तुम्हालाही ती खटकली तर तुम्ही वाईट वाचक ठरत नाही.

मोबाइलवरची आयत आता. ती नवव्या सूरेची पाचवी. मक्का 630मध्ये मुसलमानांच्या हाती आली, त्याच्या पुढच्या वर्षीचं ते जाहीर फर्मान आहे, अरबस्तानातल्या मूर्तिपूजक कबिल्यांबाबत. मुलाला म्हणावं, आधीची चौथी वाच : ज्यांनी करार मोडला नाही, त्यांच्याशी करार मुदतीपर्यंत पाळा. नंतरची सहावी वाच : त्यांच्यापैकी कोणी आसरा मागितला तर आसरा द्या, ऐकू द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. तेरावीत येतं, की शपथा यांनीच मोडल्या आणि सुरुवात यांनीच केली. मधली एक ओळ उपटून फिरवणं लबाडीचं आहे, मग ती फिरवणारा मुसलमानांना घाबरवणारा असो की मुसलमानांना भडकवणारा. पण मी ती गोडही करणार नाही. त्याच पाचव्या आयतीत त्यांनी पश्चात्ताप करून नमाज आणि जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, सुरू केलं तर वाट मोकळी करा, असं आहे. ही अट आजच्या वाचकाला खटकणार. काही जुन्या पंडितांनी या आयतीने आधीच्या सलोख्याच्या आयती रद्द झाल्या असं मानलं, तर इतरांनी ती त्या लढाईपुरतीच मानली. हा वाद आमच्या घरातला आहे आणि तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक सांगते, कारण तुम्ही वारकरी आहात. मन भरून आलं की साम्य शोधायची घाई होते, विठ्ठलाला अल्ला म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. जरा थांबा. मूर्तिपूजेला कुरआनचा विरोध स्पष्ट आहे. 21व्या सूरेत इब्राहिम मूर्ती फोडतो आणि मोठी एक शिल्लक ठेवून 'हे या मोठीने केलं, त्यांनाच विचारा' म्हणतो. ते वाचताना तुम्हाला लागेल. लागू द्या. त्याच ग्रंथात 6व्या सूरेत 108वी आयत आहे, की ते ज्यांना हाक मारतात त्यांना शिव्या देऊ नका. दोन्ही खरं आहे. आपल्याकडे विनोबांनी अरबी शिकून मूळ कुरआन अभ्यासला आणि विषयवार वेचे काढून 'कुरआन-सार' केलं. ते आदराचं काम आहे, जरूर वाचा, पण वर्षभराने. वेच्यात बोलणं कोणाशी चाललंय ते उरत नाही, आणि सुरुवातीला तुम्हाला तेच हवं आहे.

वहिनींना सांगा, चालतं. अरबी मूळ संहितेला वजू करूनच, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात तसं धुऊनच हात लावायचा, असं बहुतेक मुसलमान पाळतात. नुसत्या अनुवादाला पुष्कळ विद्वान तो नियम लावत नाहीत. तुमच्या प्रतीत शेजारी अरबीही असेल, तर ज्यांनी दिली त्यांनाच विचारा, त्यांना बरं वाटेल. हात धुवा, जमिनीवर ठेवू नका, वर दुसरी पुस्तकं रचू नका. पोथीला पाट लागतो, तेवढंच. खुणा पुस्तकात करू नका, त्यासाठी वही घाला.

भावकीला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्या घरी ज्ञानेश्वरी पाहून आमच्यातल्याही काहींनी कुजबुज केली होती. मी ती शिकवत राहिले.

प्रश्न : हदीस हा कुरआनचाच भाग असतो का? कोणी 'इस्लाममध्ये असं लिहिलंय' म्हणालं की नेमकं कुठे, ते कळत नाही.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नाही. कुरआन हे मुसलमानांच्या श्रद्धेनुसार ईश्वराचं बोलणं, हदीस म्हणजे पैगंबर काय म्हणाले, कसे वागले याच्या आठवणी. पैगंबर 632मध्ये गेले. सर्वाधिक मान्य संग्रह करणारे बुखारी वारले 870मध्ये, म्हणजे मध्ये दोन शतकं. म्हणून प्रत्येक हदीसला सांगणाऱ्यांची साखळी असते आणि ती साखळी तपासण्याचं एक मोठं शास्त्रच तयार झालं. काही हदीस पक्क्या, काही कच्च्या, काही बनावट. 'असं लिहिलंय' म्हणणाऱ्याला शांतपणे विचार, कुरआन की हदीस? कुरआन असेल तर सूरा आणि आयत कोणती, हदीस असेल तर संग्रह कोणता?

प्रश्न : आमच्या घरामागे मशीद आहे. रमजानमध्ये रात्री बराच वेळ पठण चालतं. शब्द कळत नाहीत, पण ऐकत बसावंसं वाटतं. अर्थ न कळता ऐकण्यात काही हशील आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ती तरावीहची नमाज. कुरआन मुखोद्गत असलेला हाफिज रोज साधारण एक पारा, म्हणजे तिसावा भाग, म्हणतो आणि महिन्यात कुरआन पुरा होतो. हशील आहेच, कुरआन या शब्दाच्या मुळातच मोठ्याने म्हणणं आहे. 55वी सूरा, रहमान, एकदा ध्वनिमुद्रणावर ऐका. इजिप्तचे कारी, म्हणजे कुरआनपठण करणारे, अब्दुल बासित यांचा आवाज मिळाला तर उत्तम. 78 आयतींत एक ओळ 31 वेळा परत येते : 'फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान', मग तुमच्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या तुम्ही नाकाराल? अर्थ माहीत नसला तरी तिसऱ्या-चौथ्या वेळी ती ओळ येणार, हे कानाला आधीच कळतं.

यातलं 'कुमा' म्हणजे 'तुम्हा दोघांचा'. बोलणं माणसांशी आणि जिन्नांशी, म्हणजे न दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जीवांशी, एकदम चाललं आहे. हे मी शिक्षकखोलीत सांगितलं तेव्हा आमच्या संस्कृतच्या बाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, म्हणजे द्विवचन! आपल्या मराठीने टाकलेलं!" दुसऱ्या दिवशी मी घरून कॅसेट नेली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली, ओळ आली की बोटाच्या पेरावर अंगठा सरकवत. शेवटी डोळे उघडून म्हणाल्या, "तीस." मी म्हटलं, "एक राहिली." त्यांनी कॅसेट मागे फिरवायला लावली.